रिकाम्या सॉकेटमधला सूर

आधीच सांगून ठेवतो, मी असल्या गोष्टींतला माणूस नाही. बाहेरची बाधा, अंगात येणं, अमावस्या... कुणी सुरू केलं की माझं डोकं सटकतं. उभा जन्म रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत गेला. आवाज आला म्हणजे तो कुठून तरी आलाच, आणि नीट शोधला की सापडतोच, एवढीच माझी श्रद्धा. तरी हे लिहितोय, कारण एक आवाज मला आजतागायत सापडलेला नाही.

नव्वदच्या दशकाचा मध्य. सुरतेत भेस्तानला आमचं पुढे दुकान, मागे घर. आम्ही मूळचे शिरपूरकडचे. आबा, म्हणजे माझे वडील, लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात फिटर म्हणून इथे आले आणि फावल्या वेळात रेडिओ खोलता खोलता दुकानच टाकून बसले. धंदा मी त्यांच्याच हाताखाली शिकलो, शिव्या खात. त्यांचा एक नियम होता – दुरुस्त केलेली वस्तू थेट भिंतीच्या प्लगात घालायची नाही. आधी सिरीज बल्बमधून करंट द्यायचा. बल्ब भक्कन पेटला तर आत शॉर्ट आहे, मंद राहिला तर सगळं ठीक. कुणी हे विसरलं की आबा अख्खी गल्ली ऐकेल असं ओरडायचे, “सिरीज!”

त्या वर्षी आबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. बोलणं सोडा, घशातून हूं की चूं नाही. डॉक्टर म्हणाले, समजतंय त्यांना सगळं, पण इतके दिवस आवाजच फुटलेला नाही, तेव्हा फार आशा धरू नका. तेही आबांच्या समोरच म्हणाले! मला इतका राग आला होता. त्या दिवसापासून आबांनी जेवणावरून मन काढलं. माय घास भरवायला गेली की तोंड भिंतीकडे. मोठी आत्या अंगारा-धुपाऱ्यासाठी भगत आणायच्या मागे लागली होती. मी म्हटलं, “आत्या, त्या भगताले साधा फ्यूज तरी बांधता येस का?” तेव्हापासून ती माझ्याशी बोलेना.

मी आबांना रोज दुपारी दुकानात आणून खुर्चीवर बसवायचो. एकदा त्यांनी डाव्या हाताने फळीवरच्या खोक्याकडे बोट केलं. तो त्यांचा जुना सिग्नल जनरेटर, व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या तापणाऱ्या नळ्या असलेला. रेडिओची ट्यूनिंग जुळवायला हा खोका आपल्या पोटातून एक सूर काढतो, कूंऽऽ असा एकसुरी, आणि तो वायरने रेडिओला द्यायचा. डायल फिरवली की तो सूर रेडिओच्या काट्यावर दुसऱ्या जागी सरकतो. खोका कधीचा बंद पडला होता आणि व्हॉल्व्हचे रेडिओ आता कुणाकडे होते? पण आबांनी कितीतरी दिवसांनी काहीतरी मागितलं होतं. मी खोका खाली काढला.

त्या दिवशी आमच्या भागात लूमची सुट्टी होती. खटखट बंद, त्यामुळे गल्ली ओळखू येत नव्हती. मी फुगलेला कंडेन्सर बदलला, गंजलेला स्विच साफ केला. खोक्याची वायर ट्रान्झिस्टरच्या एरियलला लावली, खोक्याला सिरीजमधून करंट दिला, ट्रान्झिस्टर चालू केला... काही नाही. मग मीटर लावल्यावर कळलं, सूर काढणाऱ्या मुख्य व्हॉल्व्हची आतली तार, फिलामेंटच, तुटलीय. म्हणजे मेलेला. मी तो उपटून काढला. शेजारच्या मोटर रिवाइंडिंगवाल्या जयेशभाईंकडे त्याच मापाचा जुना व्हॉल्व्ह आहे का, हे बघायला तो त्यांच्या हातात दिला. ते दारातच उभे होते. मी खोका चालू ठेवून रिकाम्या सॉकेटवर व्होल्टेज तपासत होतो. तेवढ्यात आबांनी सवयीने डावा हात पुढे केला आणि डायल फिरवली.

कूंऽऽ...

ट्रान्झिस्टरमधून. स्वच्छ, स्थिर.

“आ शुं वागे छे?” हे काय वाजतंय, म्हणून जयेशभाईंनी विचारलं. व्हॉल्व्ह त्यांच्या तळहातावर होता.

मला आधी वाटलं, एखादं स्टेशन असेल. आबांनी डायल पुढे नेली, सूर गेला. मी ट्रान्झिस्टरचा काटा पुढे नेला, सूर सापडला. आबा मागे, मी मागे. आमच्या हातांबरोबर तो सरकत होता. स्टेशन असं करत नाही. खोक्याचा स्विच बंद केला, सूर बंद. चालू केला, लगेच हजर. आता हे ऐका – व्हॉल्व्हची वस्तू तापायला थोडा वेळ घेतेच, चालू करून लगेच बोलत नाही. मी वैतागून परत परत स्विच खाली-वर करत राहिलो. जयेशभाई “रहेवा दो, भाई” म्हणत दारातून एक पायरी खाली उतरले.

आणि मग दुसरा सूर आला. जाडा, थरथरता. ऊंऽऽ...

मी ट्रान्झिस्टरकडे पाहिलं, मग आबांकडे. आबांचे ओठ मिटलेले होते आणि गळ्याची शीर हलत होती. ते खोक्याच्या सुरात सूर मिळवत होते. माय बाजरीच्या पिठाचे हात घेऊन बाहेर आली, दारातच थबकली. “बोलनात... बोलनात ना तुम्ही,” एवढंच तिला म्हणता आलं. मी रडलो, त्यात लपवायचं काय?

थोड्या वेळाने खोका गप्प झाला. आबा झाले नाहीत. त्या संध्याकाळी ते अर्धी भाकरी जेवले, मधेमधे ऊं ऊं करत.

त्यानंतर रिकाम्या सॉकेटने पुन्हा कधी आवाज दिला नाही. मी हरतऱ्हेने करून पाहिलं. तसाच व्हॉल्व्ह पुढे कडोदऱ्याला एका भंगारवाल्याकडे मिळाला. तोवर आबा आ, ई, मा इथपर्यंत आले होते. व्हॉल्व्ह बसवला, घाईघाईत प्लग उचलला आणि सरळ भिंतीकडे निघालो. मागून आवाज आला, जड जिभेचा, पण रागाचा.

“शि... रीज!”

लकव्यानंतरचा त्यांचा पहिला पुरता शब्द. ओरडा खाऊन इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता. सिरीज लावली, बल्ब मंद राहिला. खोका सावकाश तापला आणि सूर आला, त्या दिवशीसारखाच.

डॉक्टर म्हणाले, सुराबरोबर वाचा फुटते कधीकधी. फुटत असेल, मला ते मान्य आहे. पण तो सूर आला कुठून? खोका अजून माझ्याकडे आहे, सर्किट तोंडपाठ आहे, पण मला कुठेही वाट दिसत नाही. जयेशभाई तर पुढे विषय काढला की चहा मागवायचे.

आबा त्यानंतर बरीच वर्षं बोलले, तुटक का होईना. एकदा मी त्यांनाच विचारलं, “आबा, व्हॉल्व्ह तर जयेशभाईना हातमा व्हता. मंग कोन वाजे?”

आबा खोक्याकडे बघत म्हणाले, “माले काय मालूम? माले वाटनं... मीच वाजी ऱ्हायनू.”