सातबारा नसलेली भेंडी

भात कापून झालं की मुरबाडकडच्या आमच्या खाचरांत आम्ही बायका भेंडी लावतो. परदेशात भेंडी पाठवणारी एक कंपनी पहिल्यांदा गावात आली, तेव्हा शाळेच्या ओट्यावर सभा भरली. सगळं गोड बोलून झाल्यावर साहेब म्हणाले, "नोंदणीला सातबारा आणा."

माझ्या शेजारी बसलेली बाई पदर खोचून घरी जायला उठली. ती गावाबाहेरच्या वाडीतली. स्वतःची वीतभर जमीन नाही. आमचंच पाच गुंठ्यांचं खाचर ती अर्धेलीनं, निम्मं पीक आम्हाला देऊन, करायची. मी तिचा हात धरला.

"बस गो. माझं तरी नाव कुठंय सातबाऱ्यावर? सासऱ्यांचं हाय."

मी हळूच बोलले होते, पण ओटा लहान. साहेबांबरोबर आलेल्या तरुण मॅडमनी ऐकलं आणि विचारलं, "मग भेंडी लावतं कोण? तोडतं कोण?"

एकामागून एक बायकांचे हात वर गेले. मॅडमनी हात मोजून वहीत आकडा लिहिला. पंधरा दिवसांनी मॅडम नवा फॉर्म घेऊन आल्या. जी कसते तिचं नाव, आणि साक्षीला बचत गट.

वाडीतल्या त्या बाईनंही नाव दिलं, पण पहिल्याच तोड्याला तिची निम्मी भेंडी कंपनीकडून परत आली. लांब झालेली, जून. ती माझ्या पडवीत क्रेटपाशी बसून राहिली. "येवढी चांगली भेंडी, वयनी! आमी हीच खातो."

रडली मात्र नाही. मॅडमकडून माप समजून घेतलं, मधल्या बोटाला लावून पाहिलं. भेंडीची लव खाजते म्हणून हातांवर जुने पायमोजे चढवायची आणि उजाडताच बोटभर भेंडीच तोडायची. एक दिवसही चुकवला नाही. महिन्याभरात बाकीच्या बायका आपले क्रेट आधी तिला दाखवायला लागल्या.

गेल्या हिवाळ्यात कंपनीनं तिला शहापूरला बायकांना शिकवायला बोलावलं. सोबतीला मी. जीपमध्ये ती सारखी "तुमीच बोला, वयनी" म्हणत होती. तिथे मात्र टेबलावर भेंडी ओतून घेतली आणि दोन्ही हातांनी निवडता निवडता बोलतच सुटली. पुढच्या रांगेतल्या एकीनं विचारलं, "ताई, तुमची जमीन किती?"

"जमीन नाय," ती म्हणाली. "भेंडी हाय."

बायका हसल्या, तीही हसली. परतताना आम्ही स्टँडवर गरम भजी खाल्ली. तिनं घरच्यांसाठी एक पुडा बांधून घेतला आणि जीपमधली खिडकीची जागा माझ्याआधी पकडली.