बाईंचा धोंड्याचा महिना

बाई गेल्या त्या महिनाअखेरीला. सकाळीच समुद्रपूरहून पुतण्याचा फोन आला, "काकू, आई गेली…" आणि मी वर्ध्यातल्या माझ्या ओट्यापाशी कणकेच्या हातांनी तशीच उभी राहिले. रडू येण्याआधी मनात काय यावं? महिना पुरवून गेल्या, मध्येच सोडला नाही! माझी मलाच लाज वाटली. पण हे बाईंनी ऐकलं असतं तर पदर तोंडाला लावून त्या हसत सुटल्या असत्या, हे मला पक्कं ठाऊक आहे.

बाई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी लग्न होऊन समुद्रपूरच्या त्या दोन खोल्यांत आले तेव्हा घराचा कारभार त्यांच्याकडे होता. कारभार कसला म्हणा! भाऊजी एका शाळेच्या कचेरीत लिपिक. आमचे हे जिनिंगमध्ये हंगामी, कापूस संपला की यांची नोकरीही संपली. खरा आधार भाऊजींच्या एक तारखेच्या पाकिटाचा. ते संध्याकाळी घरात यायचं आणि दिवा लागेपर्यंत निम्मं किराणावाला, दूधवाला, घरमालक यांच्याकडे पोचलेलं असायचं. वीस तारखेनंतर डबे वाजायला लागत. शेवटच्या आठवड्यात भाऊजींचा आवाज चढायचा, पोरं उगाच मार खायची, आणि बाई भाकरी थापत राहायच्या. सगळं आयुष्य एक तारखेची वाट पाहण्यात चाललेलं… आमचंच नव्हे, अख्ख्या गल्लीचं.

एका दुपारी अंगणात तांदूळ निवडता निवडता बाईंनी मला विचारलं, "मंदे, हा धोंड्याचा महिना येते कुठून वं?"

मी बारावी शिकलेली, त्यामुळे घरातली पंडित मीच. सांगितलं, की आपलं पंचांगातलं वर्ष थोडं तोकडं असतं, दरवर्षी काही दिवस उरतात, ते साठत साठत गेले की एक अख्खा महिना जास्तीचा निघतो. बाईंचा सुपातला हात थांबला.

"म्हंजे दिवस साठवता येतेत! मंग आपण काऊन नाई साठवाचे?"

पुढच्या एक तारखेला भाऊजींनी पाकीट दिलं ते बाईंनी फोडलंच नाही. पिठाच्या डब्यात खोल खुपसलं आणि जाहीर केलं, "आज नाई. उद्या." त्या महिन्यात पाकीट दोन तारखेला फुटलं, पुढच्या महिन्यात तीनला, मग चारला. दर पगार एक दिवस जास्त पुरवायचा, आणि त्या जादा दिवशी उधार म्हणून काहीही आणायचं नाही, घरात असेल त्यात भागवायचं. असं करत करत नवं पाकीट येईल त्या दिवशी कुठे जुनं फोडायची वेळ आली, की झाला आमचा धोंड्याचा महिना. मला तर वाटलं, बाईंचं डोकं फिरलं.

पण त्या जादा दिवसाचा त्यांनी सणच करून टाकला. परसातली अंबाडी, डब्याच्या तळाचं बेसन, त्याच्या पातोड्या आणि डोळ्यांत पाणी आणणारा रस्सा. स्वतः ठेवणीतलं पातळ नेसायच्या आणि आम्हाला अंगणात पंगतीनं बसवायच्या. शेजारीण विचारायची, "आज काय हाय वं?" तर ह्या ऐटीत, "आज आमच्या घरचा धोंडा हाय!" जो दिवस उपाशी जायचा, त्याची पोरं वाट पाहायला लागली. भाऊजींचा चढा आवाज कधी उतरला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मध्येच सासूबाई आजारी पडल्या आणि दोन पाकिटं आल्या दिवशीच फोडावी लागली. सगळे साठवलेले दिवस गेले. मी हिरमुसले. बाई म्हणाल्या, "गेले तं गेले. कामीच आले नं? पुन्हा जमवू." आणि खरंच पुन्हा दोन तारखेपासून सुरुवात केली.

खरी कसोटी पुढेच होती. आमचा महिना भरायला थोडेच दिवस उरलेले आणि पंचांगातला खरा धोंड्याचा महिना येऊन ठेपला! म्हणजे जावयाचा मान. नणंदेचे यजमान आंजीला किराणा दुकान चालवणारे, माणूस मिश्कील पण मानपानाचा. भाऊजी म्हणाले, "पाकीट फोड. कापड तं घ्याच लागन, नाईतर माह्या बहिणीले सासरी बोलणे बसतीन." बाई उठल्या आणि अनारशांचे तांदूळ भिजत घातले. तांदूळ घरचे, गूळ घरचा. तांदूळ भिजायच्या त्या तीन दिवसांत त्या पुन्हा पुन्हा पिठाच्या डब्यातलं पाकीट चाचपून पाहत राहिल्या. मला कळत होतं, बाई मनातून घाबरल्या आहेत.

जावई आले. बाईंनी पाट मांडला, ओवाळलं, दिवा ठेवून तेहतीस अनारशांचं ताट पुढे केलं आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "जावईबापू, कापड दिवाळीले. औंदा आमचाच महिना भरून राह्यला." मग सगळी हकीकत. भाऊजी खाली मान घालून बसलेले, नणंदबाई पदराचं टोक पिळत उभ्या… आणि जावई हसायला लागले. "वहिनी, तुमच्यासारखे गिऱ्हाईक भेटले तं माह्या दुकानाले कुलूप लागन! ही गोष्ट आंजीत नोका सांगू!" जाताना उरलेले अनारसे मागून नेले. नणंदबाई दारात बाईंच्या गळ्यात पडून रडल्या, ते मात्र सुटकेचं रडणं होतं.

त्यानंतरची एक संध्याकाळ. भाऊजी कचेरीतून आले, हातपाय धुतले, चहा घेतला, पोरांशी कॅरम खेळत बसले. बाईंनी सहज विचारलं, "अवो, पाकीट?"

"कोणतं पाकीट?"

"आज एक तारीख नाई काय?"

भाऊजींच्या हातातला स्ट्रायकर तसाच राहिला. पगार घ्यायलाच विसरले होते! ज्या माणसानं आयुष्यभर एक तारखेसाठी बोटांवर दिवस मोजले, तो माणूस. बाई आधी पाहतच राहिल्या, मग एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या, की भिंतीला टेकून खाली बसल्या. उठल्या त्या गुळाचे खडे घेऊनच, घरोघरी वाटत सुटल्या, "आमच्या घरी आज पगार इसरला!" मला तेव्हा जो आनंद झाला, तो पुढे यांची नोकरी कायम झाली तेव्हाही झाला नाही. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात प्रथमच वर्षाचा गहू भरला गेला.

आम्ही पुढे वर्ध्याला आलो. निघताना बाईंनी मला पिठाचा डबा दिला आणि एवढंच म्हणाल्या, "दर महिन्याले एक दिवस साठवजो. अन् येत जाजो." पगार बँकेत जमा व्हायला लागले तरी समुद्रपूरला तेच चालू होतं, भाऊजींनी काढून आणायचं आणि बाईंनी पाकिटात घालून चिकटवायचं.

बाई गेल्यावर परवा भाऊजींकडे गेले होते. स्वयंपाकाला लागले, मग आठवण झाली म्हणून विचारलं, "भाऊजी, पगार काढला काय?"

ते बाईंच्या पाटाकडे पाहत होते. म्हणाले, "काऊन? आज एक तारीख हाय?"

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या घरात हसू आलं. मी भाकरीसाठी डब्यात हात घातला. पिठात बोटांना पाकीट लागलं, बाईंनी चिकटवलेलं. बाहेर काढणार, तेवढ्यात भाऊजी घाईनं म्हणाले,

"राहू दे मंदा. अजून आधीचं सरलं नाई."