सत्तावीस पायऱ्यांची बारव

छातीपर्यंत कचऱ्यात गेले तेव्हा माझ्या नाकासमोर एक दगडी हत्ती होता. भिंतीत कोरलेला, वीतभर. त्याच्या सोंडेला औषधांची रिकामी पिशवी अडकली होती. पायाखाली काहीच लागत नव्हते. खाली थंड पाणी होते आणि मी हळूहळू आणखी आत जात होते.

वरून बाईचा आवाज आला. "हालू नको, बुढे. हालली का गेली."

मी हालले नाही.

सकाळी कामरगावहून जीपने निघताना घरी सांगितले होते की कारंज्याला डोळे दाखवायला जाते. ते खोटे होते. मला तिथली बारव (पायऱ्यांची विहीर) पाहायची होती. माझ्या आईचे माहेर कारंज्याचे. लहानपणी ती रोज घागर घेऊन त्या बारवेच्या तोंडाशी उभी राहायची. आमच्या लोकांना खाली उतरायची मनाई होती. कोणी वरून ओतले तर पाणी, नाहीतर उन्हात उभे राहा. उभ्या उभ्या ती पायऱ्या मोजायची. पावसाळ्यात अकरा दिसायच्या, उन्हाळ्यात पाणी खाली गेले की सत्तावीस. आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी तीन वर्षांची होते. आई तोवर कामरगावला नांदत होती. ती बारव तिने पुन्हा पाहिली नाही, पण मरेपर्यंत आकडा पाठ होता. मला त्या सत्तावीस पायऱ्या उतरायच्या होत्या. दुसरे काही काम नव्हते.

कारंजा जुने, व्यापाऱ्यांचे गाव. गावाला वेशी (दगडी दरवाजे) आहेत. मी जिच्यातून गेले त्या वेशीच्या कमानीवर वाढदिवसाचे फलक आणि खाली रसवंती. वर पिंपळ उगवला आहे. त्याच्या मुळ्यांनी दगड इतके फाकवले आहेत की मी खालून भरभर निघाले. रसवाल्याला वेस कोणी बांधली म्हणून विचारले. तो म्हणाला, इथे ट्रक अडतात. तेवढेच त्याला माहीत. पुढे हाटेलात आलुबोंडा खाल्ला, चांगला होता. हाटेलवाल्याला बारवेचा रस्ता विचारला.

"बारव-बिरव काई नाई, आजी. आमच्या घरी नळ येते."

शेवटी आईच्या खुणांनी गेले. वेशीपासून उजवीकडे, मग उतार, मग कडुनिंब. कडुनिंब होता. पुढे दगडी कठडाही होता. आत पाहिले तर सपाट मैदान. प्लास्टिक, चिंध्या, बाळांचे लंगोट, देवांचे फुटके फोटो. अख्खी बारव भरून टाकली होती. मी तिथेच बसले. पडकी असेल, कोरडी असेल, हे मनात धरून आले होते. असे काही धरले नव्हते.

मधोमध एक शेळी केळीची साल खात होती. शेळीला पेलते तर मलाही पेलेल असे वाटले आणि एखादी पायरी तरी दिसते का म्हणून आत चालत गेले. साठ वर्षे शेळ्या राखल्या, तरी शेळी किती हलकी असते हे ध्यानात आले नाही.

वरची बाई त्या शेळीची मालकीण, रशीदाबी. माझ्याच वयाची. तिने शेळीचे दावे (बांधायची दोरी) कडुनिंबाला अडकवून दुसरे टोक माझ्याकडे फेकले.

"मांगं सरक. डाव्या अंगाले पाय टाक. पायरी हाय तिथं."

"तुले काय माईत?"

"लहानपनी पानी भरलं मी इथून. माह्या पायाले माईत हाय."

मी डावा पाय मागे टाकला. दगड लागला. बुळबुळीत, मधोमध झिजलेला. दोरी धरून चढले. चढताना मोजत होते. नऊ.

तिने मला जवळच्या आपल्या घरी नेऊन दारात दगडावर बसवले आणि अंगावर बादली ओतली. मी तिला आईचे सांगितले.

"माही माय ओतत असंल तिच्या घागरीत."

"असंल," मी म्हणाले. "नाईतर नसंल."

तिने दुसरी बादली ओतली. मी विचारले, कचरा तूही टाकतेस का तिथे?

"मंग कुठं टाकू?"



तिचीच साडी नेसून संध्याकाळच्या जीपने परतले. मुलाने विचारले, डॉक्टर काय म्हणाला. मग खरे सांगावे लागले. तो रागावला. "कायले गेली होती तिथं? मेली असती तर?"

मेले नाही. सत्तावीसपैकी एकही पायरी मी उतरले नाही, नऊ चढले. माझी आई एकही चढली नव्हती. उरलेल्या अठरा खाली आहेत. त्या आहेत हे मला माहीत आहे, रशीदाबीला माहीत आहे, आणि आता तुम्हाला.

बारवेत पडली ती मी. वय बाहत्तर, शिक्षण चौथी, राहणार कामरगाव. जिवंत आहे.