मोटेवरची दुसरी ओळ

गारगोटीच्या वरच्या अंगाला आकारामआण्णांची मोट सुरू झाली की वाटेवरची माणसं पावलं हळू टाकायची. बैल धावेच्या उतारावरून खाली येऊ लागले की आण्णा मोटेच्या जाड दोरावर, नाड्यावर बसून एक ओळ सोडायचे. रोज नवी, जागच्या जागी बांधलेली. मोट विहिरीकाठच्या थारोळ्यात ओतली जाऊन बैल मागं सरकू लागले की आण्णा गप्प. तेवढ्यात खालून उसातून दुसरी ओळ यायची. ती त्यांच्या बायकोची, धोंडुबाईंची. सरीत पाणी सोडता सोडता त्या नवऱ्याच्या ओळीला तिथल्या तिथं जोड द्यायच्या. गावात नाव मात्र एकट्या आण्णांचं. त्याचं आपल्याला काही वाटत नाही, असं धोंडुबाई म्हणायच्या. कुणाला पटवत होत्या, देव जाणे!

चोपन्न साली विहिरीवर इंजिन बसलं. त्याच्या धडधडीत कोण गाणार? दोन वर्षं दोघं मुकाट्यानं राबली. भाकऱ्या थापताना धोंडुबाईंचे ओठ हलायचे, पण समोरून ओळच येत नव्हती, तर जोड कशाला देणार?

मग शाळेतले नृसिंह मास्तर निरोप घेऊन आले. कोल्हापुरात शाहूपुरीत लोकगीतांचा जलसा होता. आण्णांनी होकार दिला आणि बायकोकडं पाहिलं.

"म्या न्हाय. रानात गाणं येगळं. मामंजींसमोर, चारचौघांत कसं गायाचं?"

"नगं तर नगं. पर तुझ्या वळी म्या म्हणणार न्हाय. त्या तुझ्या हायत."

"मग काय अर्धंच गाणं म्हणनार?"

"व्हय."

बोलल्याप्रमाणे वागणारा असा हट्टी माणूस त्या तालुक्यात दुसरा नव्हता.

जलशाला मंडप भरला होता. सासरे पुरुषांत पुढं बसलेले, धोंडुबाई बायकांत मागं. आण्णा माइकसमोर उभे राहिले आणि त्यांनी आवाज लावला:

"विहिरीतलं आभाळ, मोटंनं काढलं वर गं..."

मंडप डोलला. आण्णा थांबले. थांबले ते थांबलेच. कुणी खोकलं, कुणी म्हणालं, "पावणं इसरलं की!" हशा पिकला. आण्णांनी तीच ओळ पुन्हा म्हटली आणि पुन्हा गप्प. मास्तर घामाघूम. धोंडुबाई मागून बघत होत्या. शहरातली माणसं आपल्या नवऱ्याला हसतायत, आणि तो ढिम्म उभा आहे, आपल्यासाठी. त्यांना भयंकर राग आला. रागातच त्या उठल्या, पदर खोचला:

"सरीसरीत सांडलं, त्यानं भरलं शिवार गं!"

सगळ्या माना मागं वळल्या. आण्णा लगेच पुढची ओळ घेऊन हजर. नंतर दोघं थांबली नाहीत, आणि मंडपानंही थांबू दिलं नाही. मास्तर हार घेऊन आले, तेव्हा आण्णा माइकवरूनच म्हणाले, "ह्यो आदी बायकांत न्या. गाण्याची निम्मी धनीण तितं हाय."

त्या भागात ती गाणी पुढं कुणीही म्हटली तरी जोडीनंच म्हटली जायची. कुणी एकट्यानं सुरुवात केली, तर बाया विचारायच्या, "जोडीची कुटं हाय?"

परतीच्या गाडीत मात्र धोंडुबाईंचा पारा चढलेलाच होता. "आन् म्या तोंडच उघडलं नसतं तर?"

"तर तितंच हुबा ऱ्हायलो असतो की."

पुढच्या बाकावरून सासरे मागं न वळता म्हणाले, "भांडान घरी जाऊन करा. आदी ती दुसरी वळ पुन्यांदा म्हण, सूनबाई."