ओंगण आणि बेरिंग

माझा डावा पाय लहानपणीच तापात गेला. त्यामुळे शिक्षिकेच्या नोकरीची ऑर्डर हाती आली तेव्हा घरात पहिला प्रश्न पडला तो पोरगी जाणार कशी, हा. शाळा पाच मैलांवर, कामरगावच्या अलीकडे, आणि एसटी त्या वाटेनं जात नव्हती. सत्तर सालानंतरची गोष्ट.

बाबांनी लाकडी चाकांची जुनी बैलगाडी मोडीत काढली आणि टायरची घेतली. तिला भंगारातल्या जीपचा आस आणि चाकं होती. "माह्या पोरीले दचके नाई बसले पायजे," एवढंच म्हणाले.

पण बाबांची सारी उमर लाकडी चाकांत गेलेली. गाडी जुंपण्याआधी आसाला ओंगण घालायचं, हा त्यांचा नेम. ओंगण म्हणजे एरंडीचं तेल, त्यात जाळलेल्या गवताची राख कालवलेली. तेच त्यांनी टायरगाडीच्या चाकातही मायेनं ओतलं, तीन आठवडे, शेतात जाता-येता. आतलं ग्रीस पातळ होऊन वाहून गेलं आणि राखेनं बेरिंग खाऊन टाकलं. सोमवारी मला शाळेत रुजू व्हायचं होतं. नाही झाले तर ऑर्डर रद्द, नोकरी यादीतल्या पुढच्या बाईला. आणि शनिवारी सकाळी डावं चाक किरकिरायला लागलं. तुंब्याला, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्याला, हात लावावा तर चटका बसत होता.

मी तोंडाची फटकळ. "तुमच्या ओंगणानं माही नोकरी खाल्ली," मी म्हणाले. बाबा तेलाचा बांबूचा नळा हातात धरून ओट्यावर बसून राहिले. त्यांचं ते बसणं आठवलं की मला अजून स्वतःचा राग येतो.

शेजारी एक चाचा राहायचे, जन्मभर जीप चालवलेले. त्यांनी चाक हलवून पाहिलं, "बेरिंग गेलं," म्हणाले आणि सायकल काढून कामरगावला निघालेसुद्धा. दिवेलागणीला नवं बेरिंग घेऊन परतले. त्यांना कोणी जा म्हटलं नव्हतं.

रविवारी अंगणातच काम मांडलं. जॅक कुठला आणायचा? बाबांनी आसाखाली लाकडी दांडा घालून गाडी उचलून धरली आणि चाचांनी खाली दगड रचले. चाक काढलं. तुंब्यात रुतलेलं बेरिंगचं जुनं कडं छिन्नीनं एकदा इकडून, एकदा तिकडून ठोकत बाहेर काढलं. तुंबा घासलेटनं धुतला. मग चाचांनी ग्रीसचा डबा माझ्यापुढे ठेवला.

"बेटी, हे तू भर. काठी धरू धरू तुहा हात मजबूत झाला."

तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि बेरिंग त्यावर दाबत फिरवायचं, ग्रीस पलीकडून निघेपर्यंत. पाय गेल्यापासून घरात असलं काम मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी ते तासभर केलं, गरजेपेक्षा जास्तच. चूक कोणाची, हे चाचांनी एका शब्दानंही काढलं नाही. त्या माणसाचे उपकार मी कशाकशाचे मानू?

चाक बसलं, नट आवळून, चाक मोकळं फिरावं इतपत किंचित ढिला केला. "मैला-मैलाले उतरून तुंब्याले हात लावजा," चाचांनी बाबांना सांगितलं. "गरम लागला तं थांबजा."

सोमवारी बाबा मैलात तीन-तीनदा उतरले. तरी शाळा भरायच्या आत पोचलो. मी हजेरीपटावर सही केली, नखांत काळं ग्रीस तसंच होतं. बाबांना म्हटलं, आता घरी जा, शाळा सुटताना या.

शाळा सुटली तर गाडी तिथंच, निंबाखाली. बैल सोडलेले, बाबा चाकाशी उकिडवे बसलेले.

"घरी काहून नाई गेले?"

"जातायेता बिघडली असती तं तुले कोन नेलं असतं?" त्यांनी माझा हात धरून तुंब्यावर ठेवला. "पाह्य, थंडा हाय."

"बाबा, शनिवारी मी म्हटलं थे खोटं होतं. तुमच्याच गाडीनं माही नोकरी राखली."

त्यांनी मला हात देऊन गाडीत बसवलं, बैल जुंपले. परतीच्या पाच मैलांत तुंब्याला हात लावायला ते एकदाही खाली उतरले नाहीत.