चालशे

बडोद्याच्या मराठी घरांत एक शब्द इतका मुरला आहे की तो गुजराती आहे हे आम्ही विसरूनच गेलो आहोत. चालशे. म्हणजे चालेल. भाजीत मीठ कमी पडलं, चालशे. पाहुणे न कळवता आले, चालशे. मीही दिवसातून वीस वेळा म्हणत असे. आता म्हणत नाही. चुकून तोंडाशी आला तर गिळून टाकते.

निजामपुऱ्यात आमची तीन मजली बिल्डिंग आहे. पहिल्या मजल्यावर आई आणि मी, तळमजल्यावर काका-काकू. नात्यातले नव्हेत, पण मी फ्रॉक घालत होते तेव्हापासूनचे. काका रिफायनरीतून रिटायर झालेले, मुलगी लग्न होऊन नाशिकला. मी विद्यापीठात लिथियम-आयन बॅटरीवर संशोधन करते. त्या वेळी पीएच.डी. होऊन दोन वर्षं उलटली होती आणि मी अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटांवर दिवस काढत होते. बिल्डिंगमध्ये मात्र माझा भाव वधारलेला. कुणाचा मोबाईल तापला, कुणाच्या नातवाची खेळण्यातली गाडी बंद पडली, की माणूस आमच्या दारात. काका मला बॅटरीबेन म्हणायचे. मी हसायचे, पण मनातून चिडायचे. एवढं शिकून मी बिल्डिंगची मिस्त्री झाले होते.

त्या उन्हाळ्यात विद्यापीठात एक जागा निघाली. पाच वर्षांचं संशोधन पद. विषय बॅटरीची सुरक्षितता, म्हणजे बॅटरी का पेटते आणि पेटण्याआधी ते कसं ओळखायचं. जणू माझ्यासाठीच काढलेली. मला ती जागा इतकी हवी होती की दुसरं काही दिसतच नव्हतं. आई ताटावर बसवायची आणि मी जेवता जेवता मुलाखतीची उत्तरं पुटपुटायचे.

एका संध्याकाळी काकांनी मला जिन्यात गाठलं. त्यांच्या विजेवरच्या स्कूटरची बॅटरी दमली होती, म्हणून वाघोडियाकडच्या कुठल्याशा दुकानातून त्यांनी तिच्यात नवे सेल भरून आणले होते. बॅटरी काढून घरात आणायची आणि दाराजवळ, चपलांच्या कपाटाशेजारी चार्जिंगला लावायची, अशी त्यांची रीत.

"बॅटरीबेन, एक नजर टाक ना. काकूला उगाच शंका आलीय."

काकू बॅटरीपाशी उकिडव्या बसल्या होत्या. "जो ना, बघ, झाकण बसतच नाही नीट. फुगल्यासारखी वाटते गं मला."

झाकण खरंच एका कोपऱ्यात उचललेलं होतं. मी पिशवीतून मीटर काढला आणि टोकांना लावला. व्होल्टेज बरोबर आलं. ते तसं येणारच. आतला सेल फुगला असला तरी व्होल्टेज बरोबर येतं, हे आमच्याकडे पहिल्या महिन्यात शिकवतात. प्रयोगशाळेत सेल जरा जरी फुगला तरी आम्ही तो हातात धरून चर्चा करत नाही, उचलून सरळ वाळूच्या पिंपात टाकतो. हे सगळं मला माहीत होतं. पण झाकण उघडायचं म्हणजे दहा-बारा स्क्रू काढायचे, मग काकूंचा चहा, मग काकांचे प्रश्न. मुलाखतीचे कागद काखेत होते आणि डोकं तापलेलं होतं.

"उन्हानं प्लॅस्टिक वाकलं असेल," मी म्हणाले.

"मग चालशे ने?" काकांनी विचारलं.

"चालशे."

आठ दिवसांनी, भर दुपारी, ती बॅटरी पेटली. काका जेवून आतल्या खोलीत आडवे झाले होते. पडता पडता त्यांनी काकूंना सांगितलं, जरा बॅटरी लाव. काकूंनी पिन लावली, बटण दाबलं आणि कैरीच्या छुंद्याचं पातेलं उन्हात ठेवायला त्या गच्चीवर गेल्या. घराला दार एकच आणि खिडक्यांना जाळ्या. आग दारातच होती.

फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. पोचले तोवर आग विझली होती आणि काकांना दवाखान्यात नेलं होतं. जिन्यात तो वास कोंदला होता, गोडसर, घशाला बसणारा. आमच्याकडे सेल फुटला की असाच वास येतो. कुणी काही सांगायच्या आधीच मला सगळं समजलं. काकू पायरीवर बसल्या होत्या, हाताला साखरेचा चिकट पाक. "मी बटण दाबलं," एवढंच त्या म्हणत होत्या. काका तिसऱ्या दिवशी गेले. धूर छातीत गेला होता.

तेराव्यानंतर चार दिवसांनी माझी मुलाखत होती. मी गेले. जायला नको होतं असं म्हणणं आज सोपं आहे, पण तेव्हा न जाण्याचा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. मुलाखत घेणाऱ्यांपैकी एकांनी विचारलं, घरगुती वापरात धोक्याची पहिली खूण कोणती?

"फुगणं," मी म्हणाले. "व्होल्टेजवर विसंबता येत नाही. झाकण बसेनासं झालं तरी बॅटरी तत्काळ घराबाहेर काढायला हवी." आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, मी पुढे बोलले. "आमच्या शेजारी नुकताच असा एक मृत्यू झाला. झाकण आठवडाभर आधीपासून उचललेलं होतं."

सगळे गंभीर झाले. एकांनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं. ते झाकण कुणी पाहिलं होतं, हे मात्र कुणी विचारलं नाही. काकांचं मरण मी उदाहरण म्हणून वापरलं आणि जागा मला मिळाली. या एका गोष्टीसाठी मला स्वतःची आजही किळस येते.

काकू नाशिकला गेल्या नाहीत. घराला रंग दिला, तरी दाराजवळच्या भिंतीतून काळा डाग पुन्हा वर आला. आणि त्यांनी बटणाला हात लावणं सोडलं. कुठल्याच. दिवेलागणीला त्या अंधारात बसून राहायच्या आणि जिन्यात माझी पावलं वाजली की हाक यायची, "अगं, जरा लाईट लाव ना." मी जाऊन दिवा लावायचे, पंखा लावायचे. सकाळी आई जाऊन बंद करायची. बिल्डिंगमध्ये माझं कौतुक व्हायचं, पोटच्या पोरीसारखी करते म्हणून. दिवसभर मी फुगलेले सेल कापून त्यांच्या आत काय बिघडतं ते लिहायचे, आणि संध्याकाळी ते बटण.

सांगायचं मी रोज ठरवायचे. आधी वाटलं, नेमणुकीचं पत्र हातात पडू दे. मग वाटलं, रुजू होऊ दे. मग वाटलं, त्या आता कुठे जरा सावरताहेत. कारणांना काय तोटा?

थंडीत एका संध्याकाळी दिवा लावून मी वळले, तर काकूंनी माझा हात धरला. बहुतेक बरेच दिवस मनात घोळवलं असावं.

"तू बघून चालशे म्हणालीस, म्हणजे बॅटरी तर बराबर होती. मग माझंच काहीतरी चुकलं ना? पिन उलटी लागली तर होतं का गं असं?"

ती पिन उलटी लागूच शकत नाही. तशी बनवलेलीच नसते. हे एक वाक्य मला बोलता आलं असतं.

"सांगता येत नाही, काकू," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कामावर हात चालेना. संध्याकाळी हाकेची वाट न पाहता मी खाली गेले. दिवा न लावताच त्यांच्यासमोर बसले, कारण उजेडात मला ते जमलं नसतं. सगळं सांगितलं. वाळूचं पिंप, मीटर, दहा-बारा स्क्रू, मुलाखत, पिन.

काकू म्हणाल्या, "मी सांगितलं होतं तुला, फुगलीय म्हणून."

"हो."

"आणि तुला समजलं होतं."

"शंका आली होती. उघडून बघायला हवं होतं. मी कंटाळा केला."

त्या उठल्या. भिंतीला धरत धरत दारापर्यंत गेल्या आणि त्यांनी स्वतःच्या हातानं बटण दाबलं. दिवा लागला. त्या हाताकडे त्या थोडा वेळ बघत राहिल्या.

"जा आता," त्या म्हणाल्या. "उद्यापासून येऊ नकोस. मी लावीन."