बसलं की झोपणारा बिरप्पा

होटगीच्या बिरप्पाला खाली बसलं की झोप लागायची. सारी हयात मेंढरांमागं चालण्यात गेलेली. टेकलं की निजायचं, एवढंच त्याच्या अंगाला ठाऊक. स्वतःच्या लग्नातही तो पाटावर बसल्याबसल्या घोरला होता.

१९३१ साली लोकरीच्या एका व्यापाऱ्यानं त्याला सांगितलं, जमाखर्चाची परीक्षा पास हो, मुनीम करतो. बिरप्पा सोलापुरात तिप्पण्णा मास्तरांच्या वर्गात दाखल झाला. मास्तरांची शिकवण्याची पद्धत एकच. सगळ्यांनी मांडी घालायची आणि डोलत घोकायचं, "येईल ते नावे, जाईल ते जमा." दुसऱ्या डोलण्याला बिरप्पा आडवा. मास्तरांनी चघळायला मिरची दिली, तर तो मिरचीसकट झोपला.

शेवटी मास्तरांनी त्याच्या बायकोला, मायाक्काला, बोलावून घेतलं.

"त्येला चालू द्या की, मास्तर," ती म्हणाली. "आन् म्होरं कायतरी चालाया पायजे. न्हायतर भिताडावर जाऊन आपटतोय."

वर्गात चन्नवीर नावाचा, परीक्षेत सारखा नापास होणारा एक विद्यार्थी होता. त्याच्या पाठीवर पुस्तक बांधून मास्तरांनी त्याला पुढं चालवलं. बिरप्पा मागून वाचत निघाला. थोडं जमलं, मग तो अडला.

"ह्यो वरडत न्हाय," बिरप्पा म्हणाला.

चन्नवीर मुकाट्यानं "बें" करू लागला. महिन्याभरात बिरप्पाला ताळेबंद येऊ लागला, आणि मागून ऐकून ऐकून चन्नवीरलाही.

परीक्षेला पुण्याहून आबासाहेब नावाचे पर्यवेक्षक आले. चन्नवीरला स्वतःचा पेपर होता, तेव्हा बिरप्पापुढं चालणार कोण? मास्तरांनी ही अडचण सांगितल्यावर आबासाहेबांनी नियम काढून वाचले. उमेदवाराच्या बैठकीची योग्य सोय करणे हे पर्यवेक्षकाचे कर्तव्य, असं त्यात स्पष्ट होतं. त्यांनी कोट काढून त्याची नीट घडी घातली, बिरप्पाला पेपर लिहायला पाठीवर फळी बांधून घेतली आणि बाकांमधून चालू लागले.

ताळेबंदाशी येऊन बिरप्पाचा टाक थांबला.

"सायेब, जरा वरडा की."

आबासाहेबांनी आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांच्या माना कागदात. त्यांनी घसा खाकरला आणि हलक्या आवाजात "बें" केलं. टाक पुन्हा चालू झाला.

पेपर संपल्यावर फळी सोडता सोडता त्यांनी विचारलं, "बरं जमलं ना?"

"शेळीवानी वाटलं, सायेब. मेंढराचा आवाज जाड असतोय."

निकालात बिरप्पा आणि चन्नवीर दोघंही पास होते. व्यापाऱ्यानं बिरप्पाला वैरागच्या पेढीवर नेमलं आणि मान म्हणून गादी-लोडाची बैठक दिली. पहिल्याच दिवशी बिरप्पाबरोबर पेढी उघडायला गेलेल्या मायाक्कानं ती गादी गुंडाळली आणि पायऱ्यांवरून खाली टाकली.